ऑक्टाव्हिया आरएसला स्टेज टू करायचंय? आधी ब्रेक ऑइल बदला

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी पावसजवळ राहतो, आंब्याच्या बागा आहेत. मागच्या दिवाळीत २०१८ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० सेकंडहँड घेतली. ६२ हजार किलोमीटर झालेत, चाकं कंपनीचीच १७ इंची आहेत. गाडीने रोज रत्नागिरीला ये-जा असते. आंब्याचा सीझन सुरू होण्याआधी, जानेवारीत, चेन्नईच्या ट्रॅकवर एक दिवस चालवून बघायची इच्छा आहे. पुण्यातल्या एका ट्यूनरने ‘स्टेज टू’ सुचवलंय: रीमॅप (इंजिनच्या संगणकाचं नवं प्रोग्रॅमिंग), कॅट म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेला डाउनपाइप, ओपन एअर फिल्टर, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आणि गाडी ४० मिलिमीटर खाली बसवणारे कॉइलओव्हर. ३२० बीएचपी मिळतील म्हणतो. बजेट पाच लाख. एक सांगायचं राहिलं, कोल्हापूरहून येताना आंबा घाट उतरत असताना शेवटी शेवटी ब्रेकचं पेडल सैल लागलं. साखरप्याला चहाला थांबलो, तर पुन्हा ठीक झालं. तर आधी काय करू?
एक बागायतदार, पावस

उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ‘सांगायचं राहिलं’ म्हणून शेवटी आली आहे. त्या पेडलचा निकाल लागेपर्यंत ट्यूनरला आगाऊ रक्कम देऊ नका, आणि घाटाचा रस्ताही शक्यतो धरू नका.

ब्रेक तापल्यावर दोन वेगळ्या गोष्टी बिघडू शकतात. पॅड जास्त तापला की त्याची पकड जाते. तेव्हा पेडल कडकच राहतं, पायाने कितीही रेटलं तरी गाडी आवरत नाही. पेडल मऊ पडून खाली जायला लागलं तर मात्र कॅलिपरमधलं, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातलं, ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यात खर्च होतो. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की वाफ निवते, पेडल पूर्ववत होतं आणि चहा पिऊन माणूस पुढे निघतो. तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतं. परत आलेलं पेडल म्हणजे दुरुस्त झालेला ब्रेक नव्हे; पुढच्या लांब उताराला तो पुन्हा दगा देणार. निवल्यावरही पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडर किंवा कुठलीतरी गळती आहे. ती तपासणी वेगळी आणि त्याहून तातडीची.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४च्या मानकानुसार नवं, कोरडं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये. ओल मुरलेल्या ऑइलला हीच किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. म्हणजे वापरात ७५ अंशांची सोय निघून जाते. बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी ऑइल बदला असं सांगतात. समुद्राकाठी, चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने दमट वारा, अशा ठिकाणी तो नियम एका वर्षाचा समजा. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला तर प्रत्येक ट्रॅक दिवसाआधी नवं ऑइल हवं.

आता ताकद आणि ब्रेक यांचं गणित बघा, कारण ट्यूनर ते मांडत नाही. चालकासह दीड हजार किलोची गाडी ताशी १८० वरून ८० वर आणायची तर सुमारे १५ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता म्हणून उतरते. ताकद वाढवून त्याच सरळ पट्ट्याच्या शेवटी तुम्ही १९५ला पोहोचलात, तर ८० वर येताना तोच आकडा सव्वाअठरा लाखांवर जातो. वेग जेमतेम आठ टक्क्यांनी वाढला, उष्णता मात्र एकवीस-बावीस टक्क्यांनी. हे एका वळणाचं झालं. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे आणि एका सत्रात तुम्ही सहा-सात फेऱ्या माराल. घाटात डळमळलेले ब्रेक घेऊन तिथे ३२० बीएचपी नेण्यात शहाणपण नाही.

काम असं करून घ्या. एक लिटर ताजं, सीलबंद ऑइल आणा. कोरडा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असलेलं रेसिंग डॉट ४ हवं. डॉट ५ म्हणजे सिलिकोनचं, ते या गाडीत चालत नाही. अर्धी उघडी बाटली गॅरेजच्या फळीवरून उचलून ओतू देऊ नका. चारही कॅलिपरची एअर काढायला सुरुवात करण्याआधी दोन-तीन दिवस रोज निपलवर, म्हणजे कॅलिपरमधली हवा बाहेर काढायच्या तोटीवर, गंज सोडवणारं तेल मारा. किनाऱ्यावरच्या गाड्यांमध्ये खाऱ्या वाऱ्याने निपल धरून बसलेले असतात, पाना लावून जोर दिला की मान मोडते आणि मग अख्खा कॅलिपर बदलायची वेळ येते. पाना षटकोनी रिंगचा हवा, उघड्या तोंडाचा नको. काम झाल्यावर प्रत्येक निपलवर रबरी टोपी आहे ना ते स्वतः बघा. दहा रुपयांची ती टोपी नसली की मीठ थेट आत जातं. एअर काढायचा क्रम कंपनीच्या मॅन्युअलमधला पाळायला सांगा. एबीएस ब्लॉकमधलं जुनं ऑइल काढायचं तर स्कॅनर जोडून पंप चालवावा लागतो, नाहीतर तिथलं ओलसर ऑइल नव्यात येऊन मिसळतं.

त्याच वेळी कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना काढून बघा. त्या हाताने सहज मागेपुढे व्हायला हव्यात. अडकलेल्या असतील तर एकाच बाजूचा पॅड घासतो, डिस्क एका अंगाने तापते आणि ऑइल उकळायला आयतं निमित्त मिळतं. पिनांना ब्रेकसाठीचंच सिलिकोन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

पॅड रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालणारे घ्या, ज्यांची पकड थंडपणीही असते आणि सुमारे ६०० अंशांपर्यंत टिकते. निव्वळ रेसिंगचे पॅड पावसच्या रस्त्यावर सकाळी थंड असताना नीट धरत नाहीत आणि डिस्क खातात. नवे पॅड बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर ताशी ८० वरून ३० वर आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक लावा, मधे पूर्ण थांबू नका, नंतर दहा मिनिटं ब्रेकला हात न लावता गाडी चालवून निववा. हे केलं नाही तर पॅडचा थर डिस्कवर ठिपक्या-ठिपक्यांनी बसतो आणि स्टिअरिंग थरथरतं; लोक मग डिस्क वाकली म्हणून ती विनाकारण लेथवर नेतात. ट्रॅकला निघताना पॅडचं घर्षण द्रव्य सहा-सात मिलिमीटरपेक्षा कमी नको. पातळ पॅड उष्णता पिस्टनकडे लवकर पोचवतो.

मोठ्या कॅलिपरचा किट आत्ता नको. चांगलं ऑइल, योग्य पॅड आणि निरोगी डिस्क यांवर ही गाडी पंधरा मिनिटांचं सत्र काढते. आरएसमधली एक्सडीएस ही यंत्रणा वळणात आतल्या चाकाला स्वतःहून ब्रेक लावते, म्हणून पुढचे पॅड तुम्ही पेडल दाबता त्याहून जास्त काम करत असतात. पॅड झिजायचा वेग बघून दचकू नका, जादा एक जोड सोबत ठेवा.

आता गाडीचं अंतरंग. सेकंडहँड आहे, मागचा मालक तिच्याशी कसा वागला ते कागदावर नसतं. रीमॅपच्या आधी या गोष्टी व्हायलाच हव्यात.

सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या डीएसजीचं (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल आणि फिल्टर ६० हजारांना बदलायचं असतं. बिल हातात नसेल तर ते झालेलं नाही असं धरा. पातळी बघताना ऑइलचं तापमान ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असायला हवं. गरम गाडीवर भरून दिलं की कमी भरलं जातं आणि पुढे गिअर हिसके देतात. ट्रॅकवर जाणार असाल तर पुढचा बदल ३० हजारांनी.

इंजिनचा नाजूक भाग पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर. ते इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, गिअरबॉक्सच्या अंगाला बसतं. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघा: गिअरबॉक्सच्या माथ्यावर गुलाबी-पांढरी वाळलेली पुटं दिसली, तर कुलंट झिरपतंय. कुलंटची पातळी ‘महिन्याला थोडीशी’ कमी होते हेही तेच. चेन्नईला निघण्याआधी तो पंप नवा बसवा. या इंजिनचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेलं आहे आणि कुलंटने थंड होतं, त्यामुळे ताकद वाढवली की कुलंटवरचा भार आधी वाढतो.

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आपसात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर रीमॅपचा विचार तिथेच थांबवा. आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का बघा, पायपुसण्याखालचा गालिचा उचलून वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट गंज शोधा. २०१९ला सांगली-कोल्हापूरकडे आणि २०२१ला चिपळूण-महाडला पुराच्या पाण्यात असंख्य गाड्या बुडाल्या, त्यातल्या काही पुसूनपासून पुन्हा बाजारात आल्या. २०१८ची गाडी या दोन्ही पुरांत कुठे उभी होती ते तुम्हाला माहीत नाही.

इंजिन ऑइल सुमारे पावणेसहा लिटर लागतं. ५डब्ल्यू-४०, फोक्सवागनच्या ५०२ ०० मानकाचं घ्या, आणि पाच ते साडेसात हजारांना बदला. ऑइलचं खालचं भांडं, म्हणजे संप, प्लास्टिकचा आहे हे लक्षात ठेवा. कॉइलओव्हरच्या मुद्द्याशी त्याचा थेट संबंध येईल.

आता तुमचा मुख्य प्रश्न, स्टेज टू. आमचं मत स्पष्ट आहे: नको. स्टेज वन, म्हणजे सुटे भाग न बदलता फक्त रीमॅप, तेही लगाम घालून.

कारण पेट्रोलमध्ये आहे. रीमॅपच्या परदेशी फाइलींचे चमकदार आकडे ९८ किंवा १०० ऑक्टेनवरचे असतात; ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल अवेळी पेटत नाही. रत्नागिरी परिसरात तुम्हाला खात्रीने मिळेल ते फार तर ९५, आणि रस्त्यात कधी त्याहून कमी ऑक्टेनचं भरावं लागेल. टर्बोने जास्त हवा कोंबली की सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीच्या आधीच किंवा भलत्या जागी पेटू बघतं (यालाच नॉक म्हणतात), नॉक सेन्सर ते ऐकतो आणि इंजिनचा संगणक ठिणगी मागे ढकलतो. जानेवारीतही चेन्नईला दुपारी उन्हाचा चटका असतो, दुसऱ्या फेरीला टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापलेला असतो. अशा वेळी मर्यादा नॉकची असते, सायलेन्सरच्या अडथळ्याची नसते. डाउनपाइप हा अडथळा कमी करतो खरा, पण ९५ ऑक्टेनवर नॉकने बांधलेल्या इंजिनला त्यातून फारसं काही घेता येत नाही. त्यात आरएस २३०चा आयएस२० टर्बो लहान आहे. साडेपाच हजार आरपीएमच्या पुढे तो दमतोच. ३२०चा आकडा कागदावर राहील, कॅट नसल्याचा वास आणि आवाज मात्र रोज सोबत असेल.

९५ ऑक्टेनवर नीट लिहिलेल्या स्टेज वन फाइलने २३० पीएसवरून (पीएस हे बीएचपीसारखंच ताकदीचं माप) साधारण २८० ते २९० पीएस मिळणं वाजवी आहे. ट्यूनरला या अटी लेखी द्या.

टॉर्क ४०० न्यूटन-मीटरवर बांधा. कंपनीचा आकडा ३५० आहे आणि डीएसजीही त्याच हिशेबाची आहे. ४२०-४५०च्या पुढे क्लच सरकू लागतात. सरकलेला क्लच गिअरच्या ऑइलला जाळतो, वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. गिअरबॉक्सच्या संगणकाची फाइल, म्हणजे टीसीयू, सोबतच करून घ्या, म्हणजे क्लचवरचा दाब टॉर्कच्या प्रमाणात वाढेल.

पूर्ण टॉर्क ३,००० आरपीएमच्या आत येऊ देऊ नका. कमी आरपीएमवर प्रचंड टॉर्क सीटला पाठ चिकटवतो, डेमो ड्राइव्हला छान वाटतो, आणि कनेक्टिंग रॉड तोच वाकवतो. १,८०० आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटल दिल्यावर मिश्रण ठिणगीच्या कितीतरी आधी पेटण्याचा धोका असतो. त्या एका स्फोटात पिस्टनची कड तुटू शकते आणि नॉक सेन्सरला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून आंबा घाट चढताना गिअर ‘डी’मध्ये ठेवून ट्रकला ओव्हरटेक करायला पाय पूर्ण दाबू नका. ‘एस’ला टाका किंवा हाताने एक गिअर खाली घ्या, मग दाबा. रीमॅप न करताही हे पाळण्यासारखं आहे. उतरताना दुसरा-तिसरा गिअर धरून इंजिनला गाडी आवरू द्या.

फाइल तुम्ही रोज भरता त्याच पेट्रोलवर लॉग करून, म्हणजे चालत्या इंजिनचे आकडे नोंदवून, बसवायची. साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि ते तितकीच हवा जाळायला शुद्ध पेट्रोलपेक्षा आठ-नऊ टक्के जास्त इंधन मागतं. ओढ हाय-प्रेशर पंपावर येते. इंधनाचा प्रत्यक्ष दाब मागणीपेक्षा खाली जात असेल तर फाइल सौम्य करायची. शिवाय कंपनीची मूळ फाइल, ९५ची फाइल आणि कमी ऑक्टेनचं भरावं लागलं तर वापरायची मऊ फाइल, अशा तीन जवळ असू द्या आणि त्या बदलायचं साधन तुमच्या हातात द्यायला सांगा.

स्पार्क प्लग नवे, एक पायरी थंड, फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर. फट मोठी राहिली तर जास्त दाबात ठिणगी विझते, इंजिन वरच्या आरपीएमला अडखळतं आणि सगळे कॉइलला दोष देत बसतात.

फाइल बसवल्यावर डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या रोलरवर, तीन पुल (पूर्ण थ्रॉटलच्या धावा) सलग घ्यायला लावा, एकच नको. पहिल्या पुलचा आकडा जाहिरातीचा असतो, तिसऱ्याचा खरा. लॉगमध्ये हे बघा: आत जाणाऱ्या हवेचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा २०-२५ अंशांहून वर जाता कामा नये, चारही सिलिंडरमध्ये ठिणगी सातत्याने तीन-चार अंशांहून जास्त मागे जात असेल तर फाइल तुमच्या पेट्रोलला जड आहे, एकाच सिलिंडरमध्ये जात असेल तर त्या सिलिंडरचा प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर बघा. लॉग घ्यायला आरे-वारेच्या रस्त्यावर जाऊ नका. तिथे वळणामागे पर्यटक फोटो काढत उभे असतात, आणि उघड्या रस्त्यावरचा लॉग तसाही अर्धवटच मिळतो.

तिसऱ्या पुलला ताकद स्पष्ट खाली आली, तर पैसे मोठ्या इंटरकूलरला द्या. कोकणच्या उष्ण, दमट हवेत या गाडीला डाउनपाइपपेक्षा त्याचा फायदा जास्त, कारण नॉकची मर्यादाच मागे सरकते. पत्रे फार दाट असलेला कोअर घेऊ नका. तो रेडिएटरची हवा अडवतो. बसवल्यावर दीड बार दाबाने गळती तपासा. ॲल्युमिनियमचे पत्रे मिठाने पांढरे पडून चुरायला लागतात, म्हणून महिन्यातून एकदा साध्या नळीने गोड्या पाण्याने धुवा. सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशरच्या पाण्याने पत्रे मुडपतात.

यादीतल्या बाकीच्या वस्तू झटपट. ओपन फिल्टर नको: तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि आपल्याकडची लाल धूळ फार बारीक असते, ती टर्बोच्या पात्यांची धार खाते. कंपनीचा एअरबॉक्स, त्यात नवा फिल्टर, पावसाळ्याआधी आणि नंतर बदलायचा. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हने फक्त आवाज वाढतो.

कॉइलओव्हरबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. ४० मिलिमीटर खाली आणलं की पुढच्या खालच्या आर्मचा कोन उलटा होतो. वळणात गाडी झुकली की चाकाला जो निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकणं) मिळायचा तो मिळेनासा होतो, स्प्रिंगचा प्रवास संपून गाडी बंप-स्टॉपवर आदळते आणि पुढचा टायर बाहेरच्या कडेवर लोळतो. दिसायला रेसिंग, चालायला उलट. त्यातून पावस ते हातखंबा ते महामार्गाची उखडलेली कामं, आणि खाली प्लास्टिकचा संप. उंची कंपनीचीच ठेवा. ६२ हजारांनंतर शॉक अ‍ॅब्सॉर्बर गळत असतील तर तसेच, कंपनीचे नवे घाला, आणि लोअर आर्मचे बुश बघा. वर पुढच्या चाकांना कॅम्बर उणे दीड ते उणे दोन अंश मिळेल असे कॅम्बर प्लेट किंवा बोल्ट वापरा, टो (वरून बघता चाकांचं नाक आत किंवा बाहेर वळलेलं असणं) शून्य, मागे कॅम्बर उणे सव्वा-दीड. या एका अलाइनमेंटने पुढचे टायर कडेला झिजायचे थांबतील आणि गाडी वळणात नाक आत वळवू लागेल. मागचा जाड अँटी-रोल बारही या गाडीला शोभतो, पण त्याचं सगळ्यात मऊ छिद्र वापरा. जूनमध्ये ओल्या, शेवाळलेल्या वळणावर कडक मागचा बार शेपूट सोडून देतो.

टायर १७ इंचीच ठेवा, चांगल्या प्रतीचे समर टायर, चारही एकाच कंपनीचे आणि एकाच वर्षातले. सेमी-स्लिक घेऊ नका. जायला-यायला दोन हजारांहून जास्त किलोमीटर तुम्ही त्याच टायरवर जाणार आहात, आणि पाऊस लागला तर ते तरंगतात.

ट्रॅकच्या दिवसाबद्दल. सकाळी थंड असताना चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरवर तपासा, पहिल्या सत्रानंतर चाकं निवल्यावर पुन्हा. पुढच्या टायरमध्ये २९-३० पीएसआय ठेवून निघा. तापल्यावर ते पाच-सात पीएसआयने वर जातात. सत्र संपवून आलात की लगेच मोजा आणि ३५च्या आसपास येईल इतकी हवा सोडा. दिवस संपल्यावर टायर निवले की हवा पुन्हा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर भरा. ट्रॅकवरची कमी हवा तशीच ठेवून महामार्गावर शंभरच्या वर पळणं हे टायर फुटायचं हमखास कारण आहे, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंप डिकीत हवाच.

ऑइलचं तापमान १३० अंशांवर गेलं की पाय काढा. डीएसजीचं १२०वर गेलं तरीही. सत्र पंधरा मिनिटांचं धरा, शेवटची अख्खी फेरी ब्रेक जवळजवळ न लावता, वरच्या गिअरमध्ये. आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी छापला जातो. ‘पी’मध्ये टाका, चाकाला लाकडाचा ठोकळा लावा, बॉनेट उघडा. इंजिन बंद केल्यावरही पंखा आणि कुलंटचा पंप काही वेळ चालत राहतो, तो चालू द्या. प्रत्येक सत्रानंतर ऑइलची कांडी बघा. पायपुसणी, बाटल्या, डिकीतलं सुटं सामान सगळं बाहेर काढा. हेल्मेट स्वतःचं, मापाचं असावं.

पैशांची मांडणी आम्ही अशी करू: ब्रेकला साठ-सत्तर हजार, टायर आणि अलाइनमेंटला तितकेच, गिअर ऑइल, पंप, प्लग, बुश यांना ऐंशी हजारांपर्यंत. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या फाइलींना सव्वा ते दीड लाख, इंटरकूलर लागलाच तर ऐंशी हजार. उरलेले जपून ठेवा. एखादा कॅलिपर किंवा क्लच निघालाच तर ते लागतील.

कायद्याचं टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले कंपनीचे मूळ तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. कॅट काढणं तर उघडच प्रदूषणाच्या नियमांविरुद्ध आहे. रीमॅपलाही आपोआप सूट मिळत नाही, म्हणून रस्त्यावर कंपनीची फाइल आणि ट्रॅकवर बदललेली, असंच ठेवा. विमा कंपनीला बदल लेखी कळवून उत्तर घ्या. खासगी मोटार पॉलिसीत संघटित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, तेव्हा ट्रॅकवर काही झालं तर खर्च तुमच्या खिशातून. त्या दिवसासाठी आयोजक वेगळं संरक्षण देतात का, हे नाव नोंदवतानाच विचारा.

परत आल्यावर ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल बदला आणि पॅड मोजा. मे अखेरीस, पावसाआधी, खालची बाजू गोड्या पाण्याने धुऊन ब्रेकच्या नळ्यांवर मेणाचं गंजरोधक मारून घ्या. पॅड आणि डिस्कवर त्याचा शिंतोडाही उडता कामा नये. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक न लावता ठेवा, टाकी भरलेली असू द्या, कारण अर्धी टाकी आणि इथेनॉलचं पेट्रोल मिळून हवेतलं पाणी ओढतं. आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर चालवून डिस्कवरचा गंज ब्रेकने हलकेच पुसून काढा.